बोरघाटाचे हजेरीपत्रक

जुनी जहाजे मोडीत काढण्याचा धंदा आणि त्यात काम करणाऱ्या मजुरांची सुरक्षितता हा विषय अलीकडे सर्वत्र बोलला जातो. गुजरातेतील अलंगचा किनारा आणि आपल्या मुंबईचा दारूखाना ही नावे त्या निमित्ताने पुढे येतात. मग कोणी सहज विचारील, की समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कर्जत-खालापूरच्या माणसांनी या विषयात का शिरावे? आमच्या उल्हास नदीत किंवा पाताळगंगेत कोणतेही गलबत मोडीत निघण्यासाठी आलेले नाही. शंका वाजवी आहे. परंतु जहाज मोडणाऱ्या मजुराच्या संबंधात आज जे प्रश्न विचारले जातात, म्हणजे तो कोणाचा नोकर, त्याच्या जिवाची जोखीम कोणाच्या शिरावर, आणि तो मेला तर त्याची नोंद कोणत्या वहीत होते, हे प्रश्न महाराष्ट्रात फार मोठ्या प्रमाणावर प्रथम उभे राहिले ते आपल्याच डोंगरात. इसवी सन 1856 ते 1863 या आठ वर्षांत बोरघाटातून आगगाडीचा रस्ता काढला गेला. त्या कामाचा इतिहास आपण अभियंत्यांच्या बाजूने पुष्कळदा ऐकतो. आज तो सुरुंगवाल्याच्या, पाटीवालीच्या आणि मुकादमाच्या बाजूने पाहावयाचा आहे.

बोरघाट हा काही रेल्वेने शोधून काढलेला मार्ग नव्हे. कोकणातील बंदरे आणि देशावरील पेठा यांना जोडणारी ही वाट फार प्राचीन. बैलांचे तांडे, पालख्या आणि फौजा येथून चढत उतरत असत. इंग्रजी अमदानीत 1830 साली गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दीत येथे गाडीरस्ता खुला झाला, आणि चाकाचे वाहन प्रथमच सुखरूप घाट चढू लागले. पुढे 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धावली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची नजर मात्र ठाण्यावर नव्हतीच. वऱ्हाड-खानदेशचा कापूस आणि दख्खनचा माल बंदरावर आणावयाचा, तर सह्याद्री ओलांडल्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यासाठी थळघाट आणि बोरघाट असे दोन मार्ग मुक्रर झाले. कंपनीचा मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली याने या दोन्ही घाटांची पाहणी करविली आणि आखणी केली.

सपाटीवरचे काम लवकर उरकले. 12 मे 1856 रोजी गाडी पळसदरीपर्यंत आली आणि तेथून खोपोलीस जाणारा फाटाही सुरू झाला. माथ्यावर खंडाळ्याहून पुण्यापर्यंतची लोहवाट जून 1858 मध्ये चालू झाली. मधला घाट तेवढा उरला. मुंबईहून पुण्यास निघालेला उतारू खोपोलीस गाडीतून उतरे, पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करून डोंगर चढे आणि वर पुन्हा गाडीत बसे. या मधल्या तुकड्यासाठी जे करावे लागले, त्याचे माप पाहिले म्हणजे कामाची कल्पना येते. लांबी पंधरा मैल आणि अडुसष्ट साखळ्या, म्हणजे सोळा मैलांना किंचित कमी. चढ 1,831 फुटांचा. सरासरी दर शेहेचाळीस फुटांस एक फूट, तर सर्वांत कठीण ठिकाणी सदतीस फुटांस एक फूट. बोगदे पंचवीस, त्यांची एकत्र लांबी सुमारे सव्वादोन मैल. कमानींचे मोठे पूल आठ. डोंगर कापून काढलेला दगड-मुरूम वीस लाख घनयार्डांहून अधिक. एका ठिकाणी तर डोंगराने वळणच घेऊ दिले नाही, म्हणून गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकास लावून उलट दिशेने नेण्याची योजना करावी लागली. हे उलटगतीचे स्थानक 1929 साली नवी आखणी होईपर्यंत वापरात होते.

हे आकडे पाठ करणे सोपे आहे. ते कशाने घडले, हे मनात आणणे कठीण. सुरुंगासाठी डायनामाइट नावाचा पदार्थ तेव्हा अस्तित्वात नव्हता. त्याचे पेटंट निघाले 1867 साली. खडक फोडण्याचे यंत्र घाटात नव्हते. होती ती पहार, घण, छिन्नी आणि काळी दारू. सह्याद्रीचा काळा पाषाण किती चिवट असतो, हे आपल्याकडे विहीर खणणारा कोणीही सांगेल. एकाने पहार धरावयाची, दुसऱ्याने घण घालावयाचा, प्रत्येक घावानंतर पहार किंचित फिरवावयाची. असे करीत हात-दीड हात खोल भोक पडले की त्यात दारू ठासावयाची, वात लावावयाची आणि पळावयाचे. जेथे पाय ठेवण्यास जागा नव्हती, तेथे माणसे कड्यावरून दोरखंडाने खाली सोडीत. त्यांनी लोंबकळत्या अवस्थेत पहिली भोके पाडावयाची, तेव्हा कोठे पुढच्या माणसास उभे राहण्यापुरती खाच तयार होई. अन्य देशांत बोगदा खणताना वरून विहिरीसारखे कूप पाडून एकदम अनेक तोंडांनी काम चालवीत. येथे माथ्यावरचा डोंगरच इतका उंच, की बहुतेक बोगदे दोन टोकांकडूनच पोखरावे लागले. आत धूर आणि दगडाची भुकटी. हवा खेळण्यास मार्ग नाही.

या कामातील धोके कोणते, त्याची यादी करण्यास वैद्यकशास्त्र लागत नाही. कडा सुटणे, दोर तुटणे, सैल झालेली शिळा डोक्यावर येणे, हे उघड धोके. सुरुंगाचा धोका त्याहून कपटी. वात लावूनही बार उडाला नाही, तर तो विझला आहे की धुमसत आहे, हे बाहेरून समजत नाही. पाहण्यास गेलेला मनुष्य परत येईलच याची शाश्वती नसते. लोखंडी दांड्याने दारू ठासताना ठिणगी पडली, तर ठासणाऱ्याच्या हातातच बार उडतो. पुढे शास्त्राने ओळखून काढलेला तिसरा धोका धुळीचा. तो त्याच दिवशी मारीत नाही. मजूर गावी परततो, खोकू लागतो, आणि गावकरी म्हणतात की याला दमा लागला. कामाचा आणि आजाराचा संबंध जोडण्यास तेथे कोणी नसते.

तथापि बोरघाटात सर्वांत अधिक बळी घेतले ते दगडाने नव्हेत, सुरुंगानेही नव्हेत. ते पाण्याने घेतले. हा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. पावसाळ्यात घाटात कोसळणाऱ्या धारांमुळे काम जवळजवळ बंद पडे. म्हणून पावसाळा सरला, शेतीची कामे आवरली की माणसे घाटाकडे लोटत. देश आणि कोकण दोन्हीकडून कुणबी, महार, मांग, वडार असे अनेक जातींचे लोक, बायका-मुलांसह येत. जानेवारी 1861 मध्ये या कामावरील माणसांची संख्या 42,000 वर गेली होती. आपल्या डोळ्यांपुढे हा आकडा आणावा. त्या काळच्या ठाणे किंवा कल्याण शहरात जेवढी वस्ती होती, तिच्या कित्येक पट माणसे या डोंगराच्या कुशीत, गवताच्या आणि पाल्याच्या खोपटांत राहत होती. या वस्तीस नगरपालिका नव्हती, गटारे नव्हती, शौचकूप नव्हते. आणि ज्या डोंगरावर आषाढात पाणी मावत नाही, तो फाल्गुन-चैत्रात कोरडा ठणठणीत होतो, हे आपण दरसाल पाहतो. ओढ्याच्या एखाद्या डबक्यावर हजारो माणसांनी पिणे, धुणे आणि सर्व काही करणे, याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. पटकीची साथ आली. 1859-60 च्या हंगामात तिने भयंकर रूप धारण केले. माणसे पटापट मरू लागली, आणि जी जिवंत होती, ती काम टाकून पळू लागली.

येथे काळाशी न्यायाने वागले पाहिजे. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख याने हुडकला तो 1883-84 मध्ये, इजिप्त आणि कलकत्त्यास येऊन. 1860 च्या सुमारास बहुतेक डॉक्टर दूषित हवेलाच दोष देत. आमचे मजूर मरीआईचा कोप मानीत आणि तिचा गाडा गावाबाहेर नेऊन सोडीत. तेव्हा रोगाचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून कोणाचाच दोष नाही, असे म्हणता येईल काय? मला ते पुरतेपणी पटत नाही. लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टराने 1854 साली, म्हणजे घाटाचे काम निघण्यापूर्वीच, एका पंपाच्या पाण्याकडे बोट दाखविले होते. तो सिद्धान्त सर्वमान्य नव्हता, हे खरे. परंतु इतकी माणसे एके ठिकाणी गोळा करावयाची, तर त्यांना स्वच्छ पाणी आणि बरा निवारा हवा, हे समजण्यास सिद्धान्ताची गरज नव्हती. आपल्या लष्करी छावण्यांसाठी इंग्रज सरकार जागा आणि पाणी पाहूनच मुक्काम करी. छावणीतला शिपाई सरकारचा होता. घाटातला मजूर कोणाचा होता, हाच खरा प्रश्न.

या प्रश्नाच्या उत्तरासाठी ठेक्याची पद्धत पाहावी लागते. रेल्वे कंपनीने स्वतः मजूर ठेवले नाहीत. तिने 1855 साली विल्यम फेव्हिएल या इंग्रज कंत्राटदारास घाटाचे काम दिले. त्याने कामाचे तुकडे पोटकंत्राटदारांस दिले. पोटकंत्राटदाराने मुकादम गाठले, आणि मुकादमाने आपापल्या मुलखातून टोळ्या आणल्या. कंपनीच्या तिजोरीतून निघालेला रुपया इतक्या हातांतून जात जात मजुराच्या तळहातावर पडेपर्यंत त्याचे किती आणे उरत, हे ज्याचे त्यास ठाऊक. जानेवारी 1859 मध्ये मजुरी थकल्यावरून आणि कमी मिळाल्यावरून घाटात असंतोषाचा भडका उडाला. मजुरांनी युरोपियन देखरेखवाल्यांवर हल्ला केला. सत्तावन्नच्या उठावास तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. सरकार हादरले आणि चौकशी झाली. त्याच वर्षी फेव्हिएलने कंत्राट सोडले.

याच्या पुढच्या वर्षी कायदा झाला, तो मोठा बोलका आहे. 1860 च्या नवव्या कायद्याने रेल्वे, कालवे आणि अन्य सार्वजनिक कामांवरील मालक-मजुरांचे मजुरीविषयक तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढावेत असे ठरले. मजुरास आपली बाकी मागण्यास एक दार उघडले, हा त्याचा चांगला भाग. पण त्याच कायद्याने करार मोडून काम टाकणाऱ्या मजुरास फौजदारी शिक्षेची तरतूद केली. म्हणजे मालकाने पैसे बुडविले तर ते देणे, आणि मजुराने काम सोडले तर तो गुन्हा! पटकी आली म्हणून जीव घेऊन पळणारा मनुष्य या तराजूत कोठे बसत होता, याचा विचार ज्याचा त्याने करावा. हा कायदा 1932 पर्यंत पुस्तकात राहिला.

फेव्हिएल गेल्यावर कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल याजकडे आले. तो 1859 च्या उत्तरार्धात हिंदुस्थानात उतरला आणि थोड्याच आठवड्यांत आजाराने वारला. त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट सोडले नाही. अॅडॅमसन आणि क्लाऊझर या दोन अभियंत्यांच्या हाती व्यवस्था देऊन तिने ते शेवटास नेले. त्या काळात एका विधवा स्त्रीने एवढे प्रचंड काम पार पाडावे, ही गोष्ट खरोखर असामान्य आहे, आणि तिचा गौरव होतो तो योग्यच होय. बर्कली स्वतः हा घाट पुरा झालेला पाहू शकला नाही. प्रकृती ढासळल्याने मायदेशी परतून तो 1862 च्या ऑगस्टमध्ये निवर्तला. 21 एप्रिल 1863 रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर याने समारंभपूर्वक घाटमार्गाचे उद्घाटन केले आणि पुढच्या महिन्यात तो वाहतुकीस खुला झाला. या कथेत साहेबांचे मृत्यूही आहेत. घाटाने कातडीचा रंग पाहून माणसे निवडली नाहीत. भेद आहे तो पुढे. ट्रेडवेल केव्हा वारला, बर्कली केव्हा वारला, हे आपणांस महिन्यानिशी ठाऊक आहे.

मजूर किती मेले? आठ वर्षांत चोवीस-पंचवीस हजार, असा आकडा सांगितला जातो. तो पुढील काळातल्या अभ्यासकांनी बांधलेला अंदाज आहे. हजेरीपत्रकावरून काढलेली बेरीज नव्हे. किती घनयार्ड दगड फोडला, हे कंपनीने शेवटच्या आकड्यापर्यंत लिहून ठेवले, कारण त्यावर पैसे द्यावयाचे होते. माणसे मोजली ती कामावर किती आली एवढ्यापुरती. ती किती परत गेली, हे मोजण्याचे कोणालाच प्रयोजन नव्हते. मुकादमाच्या टोळीतून एक नाव गळाले, की दुसऱ्या दिवशी त्या जागी दुसरे येई. अपघातात मेलेल्याच्या वारसांस नुकसानभरपाई मागता यावी असा एक कायदा 1855 साली, घाटाचे काम निघण्याच्या आदल्याच वर्षी, या देशात झाला होता. पण नगर किंवा सातारा बाजूच्या एखाद्या खेड्यातील विधवेने कोर्टाची पायरी चढून, कोण्या पोटकंत्राटदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करावा, ही कल्पनाच हास्यास्पद होती. कायदा होता, तो ज्याच्यासाठी होता, त्याच्यापासून तो फार दूर होता.

घाईचे आणि हयगयीचे फळ दगडालाही भोगावे लागले. 1867 च्या पावसाळ्यात घाटातील माहूकीमळी येथील कमानींचा मोठा पूल कोसळला. बांधकाम निकृष्ट असल्याचे दिसून आले आणि रेल्वेच्या इतर दगडी पुलांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की पूल पडल्यावर चौकशी झाली, अहवाल झाले, जबाबदारीचा खल झाला. पुलाला किंमत होती आणि ती वहीत लिहिलेली होती.

लोकांनी मात्र आपल्या परीने एक वही ठेवली. खोपोलीहून खंडाळ्याकडे चढताना जुन्या रस्त्यालगत शिंग्रोबाचे देऊळ लागते. घाटातून वाट कोठून काढावी हे साहेबाला उमगेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने ती दाखविली. आणि बक्षीस काय हवे असे विचारल्यावर त्याने माझ्या देशाला स्वातंत्र्य द्या असे सांगताच साहेबाने त्यास गोळी घातली, अशी दंतकथा आहे. इतिहास म्हणून तिला आधार दाखविता येणार नाही. परंतु दंतकथा निरर्थक नसते. ज्या कामाच्या कागदांत एकाही देशी मजुराचे नाव ठळकपणे आले नाही, त्या कामाच्या वाटेवर लोकांनी एका धनगराचे नाव कोरले आणि त्यापुढे नारळ फोडला. वाट आमच्या माणसाने दाखविली आणि किंमतही त्यानेच दिली, एवढे सत्य त्या कथेने जपले आहे.

यानंतर कायद्याने हळूहळू पावले टाकली. 1881 साली पहिला फॅक्टरी ॲक्ट झाला, पण तो यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि शंभरांहून कमी माणसे नसलेल्या कारखान्यांपुरता. डोंगरावरचा मजूर त्याच्या बाहेर. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि 1890 साली आठवड्याची सुट्टी पदरात पाडून घेतली. 1923 साली नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्याने प्रथमच असे मानले, की कामावरील अपघाताबद्दल मालकाचा अपराध सिद्ध करण्याची जबाबदारी मजुरावर नाही. शिवाय शिशाच्या विषबाधेसारखे काही रोग हे कामाचेच अपत्य होत, हेही त्याने मान्य केले. घाटात मरणाऱ्या पाथरवटाच्या पिढीनंतर साठ वर्षांनी हे झाले.

आता पुन्हा जहाजाकडे वळू. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील दारूखाना हे नाव बंदुकीच्या दारूच्या कोठारांवरून पडलेले. त्याच ठिकाणी जुनी जहाजे मोडली जाऊ लागली. 1961 साली आपल्या आरमारात दाखल झालेली आणि 1997 मध्ये निवृत्त झालेली विक्रांत ही विमानवाहू नौकाही अखेर 2014 साली येथेच मोडीत निघाली. जहाज मोडणे म्हणजे उलट्या क्रमाने केलेले बांधकाम, असे वाटते. पण बांधणाऱ्याला आपण काय जोडतो आहोत हे ठाऊक असते, मोडणाऱ्याला आत काय दडले आहे हे ठाऊक नसते. टाकीत तेलाची वाफ साठलेली असते. गॅसच्या ज्योतीने पत्रा कापावयास घेतला की स्फोट होतो. हा घाटातल्या धुमसत्या सुरुंगाचाच भाऊ. कापलेला टनावारी वजनाचा पत्रा खाली येतो. ती सुटलेली शिळाच. जुन्या रंगातील शिसे ज्योतीबरोबर धूर होऊन फुप्फुसांत शिरते. आणि बॉयलर व नळ्यांभोवती गुंडाळलेले ॲस्बेस्टॉस! त्याचा तंतू छातीत गेला तर वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी रोग उद्भवतो. तोवर मजूर उत्तर प्रदेशातल्या, बिहारातल्या किंवा ओडिशातल्या आपल्या गावी परतलेला असतो. त्याला दमा लागला, असेच तेथेही म्हणतात.

जगाने या बाबतीत काहीच केले नाही, असे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 2003 साली जहाजमोडणीविषयी निर्बंध घालून दिले. 2006 च्या फेब्रुवारीत ॲस्बेस्टॉसच्या वादावरून क्लेमान्सो ही फ्रेंच युद्धनौका अलंगच्या वाटेवरून माघारी बोलावली गेली. 2009 साली हाँगकाँग येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने 2019 मध्ये त्यास संमती देऊन स्वतःचा कायदाही केला, आणि 26 जून 2025 पासून तो करार अमलात आला. त्यातील मुख्य कलम असे, की प्रत्येक जहाजाबरोबर त्यातील विषारी द्रव्यांची यादी असली पाहिजे. ही मोठी प्रगती होय. जहाजाच्या पोटात काय आहे, हे आता लिहिले जाईल. पण बोरघाटाचा इतिहास वाचलेला मनुष्य एक प्रश्न अधिक विचारील. जहाजाच्या यादीशेजारी माणसांची यादी आहे काय? मुकादमाने आणलेल्या टोळीतील प्रत्येकाचे नाव, गाव, छातीची तपासणी, आणि तो गावी गेल्यावर वीस वर्षांनी त्याची विचारपूस करणारे कोणी, हे सारे त्या कागदांत आहे काय? नसेल, तर 1861 आणि आज यांत अवजारांचा फरक पडला, हिशोबाचा पडला नाही.

काही विद्वान म्हणतात, की मोठी कामे व्हावयाची तर काही जीव जावयाचेच. घाट झाला नसता तर मुंबई मुंबई झाली नसती. घाटाने देशाचे कल्याण केले, हे मी अमान्य करीत नाही. परंतु पटकीने मेलेल्या माणसांपैकी एकाच्याही मरणाने एक हात दगड अधिक फुटला नाही. उलट साथ आली की काम थांबे, हंगाम वाया जाई. त्यांचे मरण कामाची किंमत नव्हती. ती काटकसरीची किंमत होती, आणि काटकसर ज्यांची झाली, त्यांनी ती भरली नाही.

कर्जत, खालापूर आणि मावळ या तिन्ही मुलखांत अजून अशी घराणी असतील, की ज्यांचे कोणी पूर्वज घाटाच्या कामावर गेले. कोठे एखाद्या वाडीच्या नावात, कोठे ओढ्याकाठच्या शेंदूर फासलेल्या दगडात, कोठे म्हाताऱ्यांच्या बोलण्यात त्याची खूण असेल. शाळांनी, ग्रंथालयांनी आणि आपल्या गावोगावच्या व्याख्यानमालांनी ती जमविण्याचे मनावर घ्यावे. पंचवीस हजारांची नावे आता मिळणार नाहीत. पंचवीस मिळाली, तरी कंपनीने जी वही ठेवली नाही, तिचे पहिले पान लिहिले जाईल. आणि एकदा का मेलेली माणसे मोजण्याची सवय समाजास लागली, की जिवंत असलेली मोजणे त्यास जड जाणार नाही.